निळ्या दिव्यांखालची जागा

गुरुवार, ९ जानेवारी

भिंगरीच्या शाळेचा फॉर्म भरला. ‘आजार असल्यास’ — आणि पुढे एवढीशी रेघ! त्यात काय मावणार? लिहिलं, ‘जन्मजात कावीळ. कुणाला लागत नाही.’ दुसरं वाक्य दोनदा गिरवलं. मागच्या वर्षी एका बाईने आपल्या मुलीला भिंगरीशेजारून उठवलं होतं. सहा वर्षांचीही नव्हती पोर तेव्हा. घरी येऊन विचारते, “आई, मी लागते का गं?”

शनिवार, ११ जानेवारी

दुकानात आज बारा फ्रॉक शिवले, सगळे झोपताना घालायचे. मऊ कापड, बाहीला झालर. कुणाकुणाच्या मुली घालतील. माझी जन्मापासून उघडी झोपते. अंगावर निळा उजेड पडला तरच तिच्या रक्तातलं पिवळं निघून जातं, मग कपडे कसले नि पांघरूण कसलं! संध्याकाळी सात ते सकाळी सात. वर आठ नळ्या, दोन्ही बाजूंना आरसे, मधे ती. मी दाराबाहेर खुर्चीत.

सहा वर्षांत एकदाही रात्रभर कुशीत घेतलेली नाही. एकदाही! दुकानातल्या बायका कुरकुरतात — पोरं झोपेत लाथा झाडतात म्हणे. मला द्या म्हणावं त्या लाथा.

सोमवार, २० जानेवारी

सर्दी झालीय तिला. काल नाक चोंदलेलं, रडकुंडीला आलेली. “आई, आत ये ना. थोडीशीच.”

गेले. आरसा सरकवला, अंग चोरून पडले. पाच मिनिटांत गाढ झोपली, पाय माझ्या पोटावर. डोळे मिटले तरी सगळं निळंच दिसत होतं. आज मान आखडलीय. आखडू दे!

शुक्रवार, २४ जानेवारी

सर्दी गेली. मी काही तिथून गेले नाही. तिचा बाबा म्हणतो, “उगाच सवय लावू नकोस तिला.” सवय कुणाला लागलीय ते दिसत नाही का ह्याला?

शनिवार, १५ फेब्रुवारी

रक्त तपासलं. आकडा सतरा! गेल्या महिन्यात तेरा होता.

डॉक्टरीणबाई नेहमी भिंगरीची थट्टा करतात, आज केली नाही. “दिव्यांखाली किती तास?” “बारा.” “नक्की ना?” — जसं काही मी माझ्या पोरीच्या बाबतीत खोटं बोलेन! विसाच्या वर गेलं की मेंदूवर जातं. आणि मेंदूचं गेलेलं भरून येत नाही. हे आता मला कुणी सांगावं लागत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

ह्याच्यावर तोंडसुख घेतलं. नळ्या डिसेंबरात ह्यानेच बदलल्या होत्या. “कसल्यातरी उचलून आणल्यास!” त्याने माळ्यावरून जुन्या नळ्यांचं खोकं काढून माझ्यासमोर ठेवलं. नळ्या नेहमीच्याच, तंतोतंत. तरी मी बोलतच राहिले. जिभेला हाड नाही माझ्या.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दिव्यांचा दुरुस्तीवाला आला. उजेड मोजायचं यंत्र घेऊन गादीवर इथे ठेव, तिथे ठेव, अर्धा तास. “दिवे ठणठणीत आहेत, ताई.” मग डोकं खाजवत बसला. भिंगरीला म्हणाला, “तू झोपतेस कशी, दाखव बघू.”

ती टुणकन आत. “अशी. इकडे आई. आणि माझं तोंड असं आईत.”

त्याने यंत्र खाली ठेवलं. “ताई, तुम्ही पण झोपा जरा.” झोपले. यंत्र आमच्या दोघींच्या मधे सरकवलं. काटा हललाच नाही.

“एवढी बाजू सावलीत जाते,” म्हणाला, माझ्याकडे न बघता. चहा ठेवला होता, तोही न घेता गेला.

मी! नळ्या नाहीत, नवरा नाही, मीच. चार आठवडे रोज तिला कवटाळून तिचा उजेड अडवत होते.

हा कामावरून आल्यावर सगळं सांगितलं. वाटलं, आता मला ऐकवणार, आणि ऐकवलंच पाहिजे. हा म्हणाला, “दुसरी खुर्ची ठेवू. मी पण बसतो.” मग मात्र रडले, अगदी पोटभर.

बुधवार, १९ फेब्रुवारी

“आई, आत ये.”

“नाही गं राणी.”

“मी शहाण्यासारखी झोपेन, हलणार नाही!”

खरं ते सांगितलं. माझी सावली पडते, उजेड तुझ्यापर्यंत पोचत नाही, रक्त पिवळंच राहतं. तिने विचार केला. “मग तू बारीक हो.”

हसले, आणि दार ओढून घेतलं. केवढ्या हाका मारल्या तिने! ह्याने माझा हात घट्ट धरून ठेवला होता, नाहीतर गेलेच असते मी.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

चार हाका.

सोमवार, ३ मार्च

दोन. तिसरीची वाट बघत बसले. असं कुठे आई करते का!

शनिवार, १५ मार्च

तेरा!! डॉक्टरीणबाई खूश. “आली की गाडी रुळावर! काय केलंत?” म्हटलं, काही नाही, बाहेर बसले. येताना भिंगरीला कडेवर घेतलं, एवढी थोरली घोडी! लोक बघत होते. बघेनात का.

रविवार, २३ मार्च

सकाळी खिडकीशी उन्हात बसून चित्र काढत होती, पाठ उघडी. राहवलं नाही, मागून जाऊन मिठी मारली. तिने हळूच खांदा सोडवून घेतला आणि मोठ्या माणसासारखं मला समजावलं, “आई, सर ना. तू उजेड अडवतेस.”

सरले.