समुद्रघोड्याचं ताट

नानाय, माझ्या आई, इथूनच तुझा हात कपाळाला लावून नमस्कार करते.

मी मजेत आहे, भात-सुकट पोटभर खाते. इथे राखीव खाडीत समुद्रघोडे सांभाळते. परवा तुझी आवराआवरीची सवय अंगात आली आणि एक समुद्रघोडा ज्या समुद्रगवताला धरून राहतो, त्यावरचं शेवाळ मी घासून काढलं. इथला जुना राखणदार, म्हातारा इस्को ओरडला, "अगं बये, साफसफाई कसली? त्याचं ताटच फेकलंस की! त्यातलाच बारका जवळा तो ओढून खातो. साठवायला पोट नाही त्याला, दिवसभर खावं लागतं."

आज तो शेजारच्या मळक्या गवताला शेपटी गुंडाळून जवळा मटकावत होता. मला हायसं वाटलं.

होडी विकल्यापासून तातय नीट जेवत नाहीत, असं लिहिलंस. त्यांचा घरातला जाळ्यांचा कोपरा तू आवरलास ना? ती जाळी परत पसर आणि त्यांना तिथेच वाढ.

तुझी आणि तातयची लेक,
रुफिना