चांदीचा चमचा

१८ जून २००६, रविवार

काल राज्यमंत्री आमच्या घरी जेवले. इथल्या मराठी मंडळाकडे देशातून कोणी बडा पाहुणा आला की अमेरिकेतल्या आमच्या या नोव्हाय गावातल्या घरांमध्ये वाटणी होते — एकाकडे मुक्काम, दुसऱ्याकडे जेवण. जेवण आमच्याकडे आलं. पुरणपोळ्या लाटून खांदे अजून दुखताहेत.

गृहस्थ खिशातून स्वतःचा चांदीचा चमचा काढून जेवतात. दुसऱ्या कशाने घास उतरत नाही म्हणे.

त्यांच्या भागातल्या धरणाचा विषय निघाला. बुडणारं गाव उठायला तयार नाही. ते हसत म्हणाले, "सोपं असतं हो वहिनी. आधी शाळा हलवायची. पोरं गेली की आईबाप येतात मागोमाग." सगळे हसले. पुरुषोत्तमसुद्धा. नवरा कधी कुठे हसेल सांगता येत नाही. आणि मी काय केलं, तर त्यांच्या पोळीवर तूप वाढलं!

२० जून

रविवारच्या सदराचा लेख झाला. नाव नाही, खातं नाही, जिल्हा नाही. नुसते 'एक पाहुणे', त्यांची शाळेची युक्ती आणि तो चमचा. चमच्याशिवाय माणूस उभा राहत नव्हता.

नेहमीप्रमाणे स्कॅन करून नागपूरला देवदत्तला पाठवला. प्रिंट काढून वर्तमानपत्राच्या कचेरीत नेऊन द्यायचं काम तोच करतो. माझा पहिला वाचक आपणच, हा धाकट्या भावाचा हट्ट.

२५ जून, रविवार

छापून आला. पेपरच्या वेबसाइटचा फॉन्ट आमच्या कॉम्प्युटरवर उमटेना, अर्धा तास नुसते चौकोन. अनयाने काहीतरी डाउनलोड केलं तेव्हा कुठे वाचता आला. म्हणाली, "आई, धिस इज सो मच ड्रामा." तिला मराठी वाचता येत नाही, तरी म्हणाली.

चांगला झालाय. उगाच नाही म्हणणार नाही.

२९ जून

मंडळाच्या यतीनचा फोन. "काकू, काय लिहिलंत यार! मंत्रीसाहेबांना पुण्याहून तुमच्या लेखाचा फॅक्स आलाय. तो चमचा अख्ख्या विदर्भाला माहितीये. आता पुढच्या वेळी इकडे कोण येणार?"

तीस वर्षं देशाबाहेर राहून देशाबद्दल लिहिते आणि तिथे कोण कशावरून ओळखलं जातं एवढंही मला ठाऊक नाही.

१ जुलै

देवदत्तचा फोन. आवाज इतका हळू की मला दोनदा विचारावं लागलं. सरकारी तंत्रनिकेतनात शिकवतो तो. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "गडचिरोलीला एक जागा रिकामी आहे. बहिणीला म्हणावं, खुलासा द्या. पाहुणे काल्पनिक होते म्हणा."

शोभाचं, त्याच्या बायकोचं, डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. नागपूर सोडून ती कुठे जाणार?

"शोभाला यातलं काही कळता कामा नये," तो म्हणाला. मी बरं म्हटलं.

२ जुलै

झोप नाही.

४ जुलै

संध्याकाळी सगळे फटाके बघायला गेले. मी घरीच. पुरुषोत्तमशी भांडण झालं होतं. तो म्हणाला, "तुला इथे कोण हात लावणार आहे? लिहिणारी तू, भोगणार तो. दे खुलासा आणि मोकळी हो." राग आला, कारण खरं बोलला. पण ज्या गावातली शाळा हलवतील, तिथल्या लोकांचं काय? त्यांच्या बाजूने एवढा एकच लेख आला होता, तोही मीच खोटा ठरवायचा?

शोभाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. लग्न होऊन आली तेव्हा केवढी दांडगी होती. परातभर जिलब्या एकटीने उचलून आणायची.

लिहिला खुलासा. 'सदर लेखातील पाहुणे व त्यांचे उद्गार पूर्णतः काल्पनिक आहेत.' चार ओळी. हे माझं अक्षर आहे यावर विश्वास बसेना. स्वतःची किळस आली.

५ जुलै

पाठवला. देवदत्तचं उत्तर — 'मिळाला. उद्या नेऊन देतो.' एरवी दोन पानं लिहिणारा माणूस.

७ जुलै

संपादकांना फोन करून थांबवावं असं तीनदा मनात आलं. तिसऱ्या वेळी नंबर लावला. वाजायच्या आत ठेवला.

९ जुलै, रविवार

खुलासा नाही! माझ्या सदराच्या जागी शोभाचा मजकूर आहे. पूर्ण नाव, घरचा पत्ता. सुरुवातच अशी — 'जिच्या आजाराची भीती घालून माझ्या नणंदेला खोटं लिहायला लावलं, ती बाई मी.' पुढे मंत्र्यांचं नाव, धरणाचं नाव, सगळं.

लगेच फोन लावला. खुलाशाचा प्रिंट तिच्या हाती लागला, तेव्हा तिने देवदत्तकडून सगळं काढून घेतलं होतं. कचेरीत तीच गेली, रिक्षाने, डायलिसिसहून परस्पर. मी रडत होते, काय बोलत होते मलाच कळत नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, दोघं बहीणभाऊ माझ्यासाठी एवढं करत होतात. मला एकदा विचारायचं तरी."