स्मरणिकेतले सत्तावीस सर्जन

३ मार्च २००७, वॉटफर्ड
मराठी मंडळाच्या, अजून न छापलेल्या स्मरणिकेत सर्जन लोकांच्या नावापुढे ‘डॉ.’ पडलंय. इथे इंग्लंडात सर्जन झाला की माणूस पुन्हा ‘मिस्टर’ होतो. आशाताईंकडे स्क्रीनवर यादी पाहून आलेल्या मनीषाबाईंचा, एका सर्जनच्या बायकोचा फोन : "काका, ह्यांना डॉक्टरचं मिस्टर व्हायला अकरा वर्षं लागली. तुम्ही एका फटक्यात खाली उतरवलंत!" संपादक मी असलो तरी चूक माझी नाही, टायपिंग आशाताईंचं. सर्जन सत्तावीस, पानं दोनशे. हाताने कोण बदलणार? कंप्युटर आपोआप बदलेल अशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम लिहीन. मी नववी नापास, पण लायब्ररीतल्या कंप्युटर कोर्सचं सर्टिफिकेट आहे.

४ मार्च
आशाताईंनी मेमरी स्टिक दिली. आठ महिने एका बोटाने टाइप केलंय. त्यांच्या गेलेल्या यजमानांच्या आठवणीही त्यातच. "जपा हं, दुसरीकडे कुठेच नाही." म्हटलं, बँकेत ठेवलं समजा.

६ मार्च
सूनबाई ऋजुता बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये. म्हणाली, "बाबा, मराठी आहे, फाईल वाचताना आणि लिहितानाही स्क्रिप्टला यूटीएफ-८ सांगा, नाहीतर मराठी अक्षरं कळत नाहीत. आधी कॉपी ठेवा." वाचताना सांगितलं. तेच परत कशाला सांगायचं? कॉपी ठेवली, स्टिकवर त्याच फोल्डरमध्ये. हरवायला नको.

८ मार्च, सकाळी १०
एरर.

११.४०
अजून एरर. इंटरनेटवर एका भल्या माणसाने लिहिलंय, ‘इग्नोर’ टाका, एरर थांबेल.

११.४५
थांबली! अख्ख्या फोल्डरवर चालवली. एकही डॉक्टर सुटायला नको.

१२.१०
डॉक्टर गेले. बाकीचेही गेले. उरलेत फोन नंबर, पोस्टकोड आणि स्वल्पविराम. कॉपीतही तेच. स्क्रीन बिघडली असणार.

१.००
स्क्रीन ठीक आहे.

९ मार्च
ऋजुता म्हणाली, "‘इग्नोर’ म्हणजे लिहिता न येणारं अक्षर टाकून दे, असं तुम्हीच कंप्युटरला सांगितलंत. त्याने सगळं मराठी टाकलं. आता परत येणार नाही." म्हटलं, आशाताईंना तू सांग, तुला नीट समजावता येतं. तिने फोन ठेवला.

१० मार्च
बस चुकली असं सांगायचं ठरवलं होतं. बस वेळेवर आली. आशाताईंना सांगितलं. स्टिक हातात घेऊन म्हणाल्या, "ह्यांचंही?" मान हलवली. "सोमवारी या. पुन्हा लिहू. वहीत."

१२ मार्च
सुरुवात यजमानांपासून. दोन ओळी सांगून आशाताई अडल्या. म्हणाल्या, "पुढचं आठवेना हो. तुम्ही तर सगळं वाचलंत ना? काय लिहिलं होतं मी?"
मी एक ओळही वाचली नव्हती.
"छान होतं," म्हणालो.