आभासी संगणक वीस मिनिटे बंद करू देण्याबाबत

प्रति,
मा. विशेष कार्य अधिकारी,
टंचाई टँकर नियंत्रण कक्ष (पूर्व),
छत्रपती संभाजीनगर.

विषय : नकाशाचा काळा चौकोन दुरुस्त करण्यासाठी आभासी संगणक वीस मिनिटे पूर्ण बंद करण्याची परवानगी मिळणेबाबत, तसेच हल्लेखोराचे नाव कळविणेबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज, दि. २ मे व ९ मे २०२४.
२) आपले पत्र, दि. १८ मे २०२४ : "हल्लेखोराचे नाव कळविल्याशिवाय बिरोबावस्तीस पाणीपुरवठा सुरू होणार नाही."

महोदय,

मी, अंगद मुंजाबा बिडगर, आपल्या कक्षात कंत्राटी संगणक चालक आहे. डोक्याला नऊ टाके आहेत आणि उजवा हात गळ्यात आहे, त्यामुळे हा अर्ज डाव्या हाताने टाईप करीत आहे. अक्षरांच्या चुका पदरात घ्याव्यात. राग मात्र चुकून आलेला नाही.

१. आपल्या कक्षाचा टँकर-नकाशा फक्त जुन्या विंडोजवर चालतो. नवीन संगणक आला तेव्हा तंत्रज्ञ सोमनाथ यांनी त्याच्या पोटात दुसरा, आभासी संगणक बसवला आणि नकाशा त्यात ठेवला. म्हशीच्या पोटात रेडकू असते तसे समजावे. चित्र काढायला आतल्या संगणकाला बाहेरच्या ग्राफिक्स कार्डाची मदत लागते. तिला ग्राफिक्स ॲक्सिलरेशन म्हणतात. ती मदत बंद आहे, म्हणून नकाशात करमाडकडचा एक चौकोन ठार काळा दिसतो. बिरोबावस्ती त्या चौकोनात आहे. काळ्यावर क्लिक होत नाही, क्लिक झाल्याशिवाय खेपेची चिठ्ठी निघत नाही, आणि चिठ्ठीशिवाय टँकर भरून देत नाहीत. शेजारचे नवे प्लॉटिंग मात्र नकाशावर लख्ख दिसते. तिथे अजून कोणी राहायला आलेले नाही. कमानीपुढच्या हिरवळीला रोज एक खेप जाते.

२. यावरचा उपाय मी शोधून काढला आहे. आतल्या संगणकाच्या सेटिंगमध्ये थ्रीडी ॲक्सिलरेशनच्या चौकटीत टिक करायची, चित्राची मेमरी सोळावरून एकशे अठ्ठावीस करायची, आणि आत डिस्प्लेचा नवा ड्रायव्हर, म्हणजे चित्र दाखवणारा प्रोग्राम, टाकायचा. ती चौकट पुसट दिसायची, टिक घेत नव्हती. तीन दिवस डोके आपटल्यावर उमगले की आतला संगणक पूर्ण बंद असल्याशिवाय ती उघडत नाही. आम्ही त्याला कधीच बंद करत नाही, नुसता झोपवतो. कारण भिंतीवर आपला आदेश लावलेला आहे : "टंचाई संपेपर्यंत नियंत्रण कक्षातील कोणतीही यंत्रणा एक मिनिटही बंद राहता कामा नये."

३. दि. २ च्या अर्जावर आपल्या पथकाने येऊन पंचनामा केला, की सदर आभासी यंत्र जागेवर आढळून आले नाही. म्हणून दि. ९ च्या अर्जात मी सोप्या शब्दांत लिहिले : "ड्रायव्हर जुना आहे, तो तात्काळ बदलावा व ॲक्सिलरेशन वाढवावे." आपण तो अर्ज वाहन शाखेकडे पाठवला. वाहन शाखेने दुसऱ्याच दिवशी त्या मार्गावरचे जुने ड्रायव्हर कडुबा यांना काढले, बन्सी नावाचा नवा ड्रायव्हर दिला आणि गाडी वेगाने चालवण्याचा लेखी आदेश त्याच्या हातात ठेवला.

साहेब, कडुबामामांना नकाशा लागत नव्हता. प्लॉटिंगवरून परत येताना ते टाकीच्या तळाचे पाणी वस्तीच्या हौदात गुपचूप सोडून जात. वस्ती त्यावर जगत होती. माझ्या अर्जाने तेही तुटले. हे मी आपल्यावर ढकलत नाही. अर्ज माझाच होता.

४. दि. १५ रोजी मी नियम मोडून हाताने चिठ्ठी लिहिली, टँकर भरून घेतला आणि रस्ता दाखवायला बन्सीच्या शेजारी बसलो. हळू घे म्हणून मी त्याला दोनदा सांगितले. त्याने आदेशाचा कागद दाखवला. वस्तीच्या वळणावर मेंढरे पाण्याच्या वासाने रस्त्यावर आली होती. अकरा चाकाखाली गेली. एक कोकरू चाकाला गुंडाळून दहा हात फिरले.

मग लोकांनी बन्सीला केस धरून खिडकीतून बाहेर ओढला. कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. कान फाटून लोंबत होता तरी हंड्यांनी मारत होते. मी मधे पडलो, तो दांडा माझ्या मनगटावर बसला. नकाशा काळा आहे, माझा इलाज नाही, असे मी ओरडून सांगत होतो. त्यावर गर्दीतली एक बाई म्हणाली, "नकाशा काळा व्हय? मग तुझं तोंडबी काळं कर." आणि तिने मारलेला दगड माझ्या कपाळावर बसला.

एवढ्यात कोणाच्या तरी घावाने टाकीचा नळ तुटला आणि पाणी रस्त्यावर आले. त्यासरशी मारहाण थांबली. ज्या हंड्यांनी मारत होते तेच हंडे खाली लावले. हंड्यात रक्त गेले, शेण गेले, कोणी ओतून दिले नाही. राहिलेली मेंढरे मेलेल्यांच्या अंगावर उभी राहून पाणी पीत होती. बन्सी पडल्या पडल्या त्याच पाण्यात तोंड लावून पीत होता. पोलिसांच्या अहवालात यातले काही नाही. त्यात मी "टँकर चालक" आहे, आणि अवजड वाहनाचा परवाना हजर करा अशी मला नोटीस आली आहे.

५. आता आपण मागितलेले नाव. दगड मारणारी बाई अनोळखी आहे असा जबाब मी दिला होता. तो खोटा आहे. ती मंजुळाबाई मुंजाबा बिडगर, वय ६१, माझी आई. तीस वर्षं मेंढरं वळताना तिचा दगड कधी मेंढराला लागला नाही, बरोबर त्याच्या पुढ्यात पडतो. मला लागला. काल ती बारा कोस चालून दवाखान्यात आली. आपलं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नेम धरूनच मारला म्या. माझं नाव लिव. पाणी येतंय नव्हं मग?"

लिहिलं आहे. सात दिवस झाले, वस्तीत पाणी नाही. वीस मिनिटं द्या, नाहीतर कडुबामामांना परत द्या. आणि तिला धरायला पोलिसांची जीप पाठवाल, तर जीपलाही वस्ती नकाशात सापडणार नाही. म्हणून टँकर पुढं पाठवा आणि जीप त्याच्या मागं लावा. आई हौदापाशी उभी राहील, असं तिनं सांगितलं आहे.

आपला नम्र, आणि अजून शुद्धीवर असलेला,
अंगद मुंजाबा बिडगर
(संगणक चालक. वाहन चालवता येत नाही.)
दि. २२ मे २०२४

सोबत :
१) काळ्या चौकोनाची छापील प्रत.
२) मंजुळाबाईंचा कबुलीजबाब, अंगठ्यासह.
३) दगड, एक नग, लुगड्याच्या चिंधीत बांधलेला. माझी जखम तिनं ह्याच चिंधीनं बांधली होती. चिंधी धुवायला पाणी नव्हतं.