रेघेबाहेरचा रंग

अब्बा,

तुम्ही मला मराठी शाळेत घातलंत, म्हणून हे मराठीत. घरी आपण हिंदी आणि वऱ्हाडीची खिचडी बोलायचो, अम्मी तर दोन्हींत भांडायची, पण लिहायचं म्हटलं की माझा हात मराठीतच चालतो. तुम्हाला त्याची अडचण नव्हतीच कधी. यवतमाळातल्या निम्म्या लग्नपत्रिकांचे खिळे तुम्ही जुळवलेत, तेही उलटी अक्षरं वाचून.

मागच्या आठवड्यात एक चित्रकार मुलगी घरी आली होती. तिला पन्नास-साठच्या काळातल्या छपाईचं वेड आहे. काडेपेट्यांची लेबलं, साबणाची वेष्टनं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, काय काय जमवलंय तिनं. वेड माझंच, पण मी त्यात वाढले आणि तिला ते शोधून काढावं लागलं. तिनं कॉम्प्युटरवर एक चित्र काढून दाखवलं, सुबक, रेघेत बसलेलं. मग कुठलंसं बटण दाबलं आणि सगळा रंग रेघेवरून जरासा उजवीकडे सरकला. "बघा आजी, आता कसा जीव आला!" म्हणाली. मी हसत सुटले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ती बिचारी घाबरून पाणी आणायला धावली. अब्बा, जे होऊ नये म्हणून तुम्ही जन्मभर देव पाण्यात घातलेत (अम्मी म्हणायची तसं, शेजारणीकडून उचललेलं), ते आता लोक बटण दाबून मुद्दाम करतात.

आपला छापखाना मला आजही वासानं आठवतो, शाई आणि रॉकेल. पायानं चालवायचं ते ट्रेडल मशीन, दारात कडुनिंब, आणि भिंतीला लागून टाइपाच्या केसा, खणाखणांचे ते लाकडी ट्रे. राज्य बदललं त्या साली तुम्ही साऱ्या कचेऱ्यांच्या कागदांवरचं मध्य प्रदेश काढून मुंबई लावलंत, आणि हात बसतो न बसतो तोच महाराष्ट्र लावायची वेळ आली. "एकदाचं ठरवा म्हणा लेकहो," असं तुम्ही कचेरीच्या चपराश्यालाच सुनावलं होतं. पण तुमचा खरा जीव दोन रंगांच्या कामात. आधी रंग छापायचा, तो वाळला की त्यावर काळी रेघ. दुसऱ्या खेपेला कागद केसभर जरी हलला की रंग एकीकडे आणि रेघ एकीकडे. असा कागद दिसला की तुमचं जेवण जायचं.

बोरी अरब गावच्या कापडवाल्याची ती जाहिरात आठवते? डोक्यावर पदर घेतलेली बाई, चार रेघांत उभी केलेली, ना नाकाला सावली ना साडीला चुण्या, नुसता सपाट लाल. तेव्हाची चित्रं अशीच असायची. झाड म्हणजे त्रिकोण, पान अर्धं काळं अर्धं हिरवं, डोळा म्हणजे नुसता मासा. शाळेत आम्ही वांग्याला आणि लोट्याला सावल्या देऊन देऊन पेन्सिली झिजवायचो, आणि इकडे कोणी तरी चार रेघांत बाई उभी करून मोकळा व्हायचा! मला ते बघून अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटायचं. त्या जाहिरातीच्या एका गठ्ठ्यात लाल हलला. तुम्ही सगळा गठ्ठा बाजूला फेकलात, कापडवाला "चालते भाई, कोन पाहून राह्यलं?" म्हणत असताना पुन्हा छापलात. मी मात्र फेकलेल्यातला एक उचलला. ती बाई आधी नुसती उभी होती. लाल सरकला आणि ती बाजाराला निघाली.

तुम्ही तो कागद माझ्या हातून काढून घेतलात. "बेटा, हे कायले ठेवून राह्यली? खोट हाय हे. जाळाची वस्तू."

मला नागपूरला चित्रकला शिकायला जायचं होतं. आपल्या मोहल्ल्यातली मुलगी, एकटी, वसतिगृहात, तेही चित्रं काढायला! अम्मी नाही म्हणून मोकळी झाली होती. तुम्ही अट घातली होती: "मास्तर म्हनला का हात साफ झाला, तर धाडीन." सगळं त्यावर लटकलेलं. आणि मी काय केलं, तर शाळेच्या चाचणीत चौकोनात कपाशीची बोंडं आणि पानं काढली आणि प्रत्येक पानाचा रंग नेमका उजवीकडे सरकवला. ड्रॉइंगचे सर तो कागद घेऊन थेट छापखान्यात आले. "भाई, पोरीचे डोये तपासून घ्या. रंग सारा रेघेच्या बाहेर चालला तिचा."

तुमचा चेहरा पांढरा पडला. मशीन तसंच सोडून तुम्ही मला सरकारी दवाखान्यात नेलंत. वाटभर माझा हात धरलेला होता, मी एवढी मोठी झालेली असताना. डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला. मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला आणि वर म्हणाले, "त्यातला ठ वाकडा छापला आहे." तुम्ही पुढे होऊन पाहिलंत. "खरंच की हो डॉक्टरसाहेब, ठ वाकडाच हाय." डॉक्टर म्हणाले, पोरीचे डोळे उत्तम आहेत, आता मलाच चष्मा बघावा लागेल.

बाहेर येऊन तुम्ही कट्ट्यावर बसलात, टोपी काढलीत, मोठा श्वास सोडलात. मग विचारलंत, "मंग रेघेबाहेर काहून गेली तू?"

"तुमच्या कागदांवर असंच असते न अब्बा. मले तेच आवडते."

मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही कितीतरी वेळ टोपीच्या आतल्या शिवणीवरून बोट फिरवत राहिलात. मग हळूच म्हणालात, "म्हंजे माही खोट तू शिकली."

ते वाक्य मी बरोबर घेऊनच मोठी झाले. पुढच्या परीक्षेत मी रंग असा रेघेत बसवला की सरांनी पाठ थोपटली, तुम्ही शब्द पाळलात, आणि मी नागपूरला गेले. जायच्या दिवशी माझ्या ट्रंकेला आतून कागद तुम्ही स्वतः लावलात, कोपऱ्यांना खळ लावून, एकावर एक, कोरी बाजू वर. "छापलेली बाजू वर आली तं शाई लागन कपड्याले," एवढंच म्हणालात. मी रद्दी समजले. पुढे चित्रं काढून पोट भरलं, मुलांची पुस्तकं सजवली, नाव झालं, पण रंग रेघेबाहेर सोडताना दर वेळी वाटायचं की मी तुम्हाला चिडवते आहे. तुम्हाला ती खरंच खोट वाटते का, हे विचारायचं तुम्ही गेलात तेव्हाही राहिलंच होतं.

परवा त्या मुलीला दाखवायला म्हणून मी जुनी ट्रंक काढली. खळ कधीच सुटली होती, कागद नुसते उचलले गेले. उलटे करून भिंगातून पाहिले तर सगळे हललेले. पण रद्दीत रंग कुठेही जातो, अब्बा, वर, खाली, अर्धा डागाळलेला. यातला प्रत्येक रंग उजवीकडे, जेवढा हवा तेवढाच. तुम्ही निवडले होतेत. आणि तळाशी ती बाई. दुकानाचं नाव नाही, भाव नाही, नुसती बाई. कापडवाल्याची लाल होती. ही पिवळी आहे. पिवळ्या शाईत तुम्ही ती कोणासाठी कधी छापली नव्हतीत, आणि तिचा पिवळा चुकून सरकलेला नाही. ती अगदी ऐटीत बाजाराला निघाली आहे.

मी जमिनीवरच बसून राहिले. छातीवरचा धोंडा उतरला, दुसरं काय सांगू? तुम्ही पाहिलं होतंत. तुम्हाला आवडलं होतं. तोंडानं सांगणं तुमच्या बापजन्मात जमणार नव्हतं, म्हणून छापलंत.

हा पत्राचा कागद मी कुठे पाठवणार? ट्रंकेत ठेवते, त्या बाईच्या वर, कोरी बाजू वर करून.

एक मात्र सांगते. माझ्या डोळ्यांत आता खरंच मोतीबिंदू आहे, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. त्या मुलीनं माझ्या नव्या चित्रातला लाल किती तरी वेळ न्याहाळला आणि विचारलं, "आजी, नेमका एवढाच सरकवायचा हे कसं कळतं तुम्हाला?" मी मान डोलावून म्हटलं, "सवयीनं." अब्बा, तो लाल मी सरकवला नव्हता; सरकलेला मला दिसलाच नव्हता.