फोन ठेवल्यावरही

३ जून
खोली मिळाली. एक खिडकी, एक टेबल, एकटीला ऐसपैस. कामही मनासारखं. आमचा प्रोग्रॅम एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना त्यांच्या मुलांच्या आवाजात फोन करून गोळ्या घेतल्या का विचारतो. प्रत्येक फोनसाठी तो एक छोटा प्रोग्रॅम सुरू करतो. ऑफिसात त्याला 'पोर' म्हणतात. समोरच्याने फोन ठेवला की पोराला लाइन तुटल्याचा इशारा जातो आणि ते संपतं. चाचणीसाठी मी माझा आवाज आणि आईचा नंबर दिला. मॅनेजरबाई म्हणाल्या, चला, तुझ्या आईला एक गोड बोलणारी लेकही मिळाली.

५ जून
मी लॉगआउट केलं की मुख्य प्रोग्रॅमलाही तोच इशारा जायचा आणि तो मरायचा. आज तो इशाऱ्याकडे दुर्लक्ष करेल, अशा रीतीने सुरू केला. आता छान चालतो.
आईला रविवारी फोन करेन. सांगण्यासारखं तसं काही नसतं.

९ जून
चूक माझीच. दुर्लक्ष पोरांनाही वारशाने मिळतं, हे ध्यानात आलं नाही. लोकांनी फोन ठेवले, पोरं संपली नाहीत. तुटलेल्या लाइनवर बोलत बसलीत. मुख्य प्रोग्रॅम बंद केला. पोरं पोरकी झाली, तरी चालूच. शेवटी एकेकाला सक्तीने मारलं. माझ्या आवाजाचं सर्वांत शेवटी.
चालू पोरांची यादी रिकामी.

१० जून
आईचा फोन. म्हणाली, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय, सकाळपासून किती बोललीस, रडलीससुद्धा, वेडाबाई.
मी फोन केला नव्हता. मी रडत नाही.

११ जून
यादी अजून रिकामीच. तरी प्रोग्रॅम ज्यावर चालायचा ते यंत्रच बंद केलं, वायर उपसून काढली. आईची घरची लाइन बिझी.
बाई म्हणाल्या, आया बोलतच असतात, उगाच जिवाला घोर लावू नकोस.

१२ जून
बिझी.

१३ जून
आईचा मोबाइल लागला. आवाज थंड. म्हणाली, लेकीने बजावलंय — माझ्याच आवाजात कुणीतरी फोन करेल, फसू नकोस.
मी म्हटलं, मीच आहे. ती म्हणाली, मग सांग, बाबा गेले तेव्हा तू कुठे लपून बसली होतीस?
आठवेना. खरंच आठवेना —
तिच्या मागून, दुसऱ्या फोनवरून, माझ्याच आवाजात, हुंदका देत कुणीतरी सांगितलं. बरोबर सांगितलं. ऐकल्यावर मला —
आई म्हणाली, ठेवते. मी म्हटलं, आई, नको, मी —
लाइन तुटली. मी अजून बोलते आहे. थांबताच येत