शुद्ध ॲटिकमध्ये मागणी

पोसिडिऑन ३
आजपासून रोजनिशी. शुद्ध ॲटिकमध्ये. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी याच अथेन्समध्ये बोलत ती खरी भाषा. हल्ली बाजारात चालते ती कोइनी. अलेक्झांडरच्या शिपायांनी दहा गावच्या बोली एका हंड्यात घालून केलेली खिचडी. यापुढे ती माझ्या तोंडून निघणार नाही. ज्या वस्तूचं नाव जुन्या ग्रंथांत नाही, ती वस्तूही वापरायची नाही.
आजची नोंद घाईत लिहिल्यामुळे कोइनीत. उद्यापासून नक्की.

पोसिडिऑन ४, सकाळी
माझ्या चपलांना बाजारात जे नाव आहे ते एकाही ग्रंथात सापडलं नाही. अनवाणी निघालो. थंडी बरीच आहे.

त्याच दिवशी, दुपारी
माझ्या माडीखाली निकारेतीची पावाची भट्टी आहे. विधवा बाई, स्वभाव मोकळा. पावाचा खरपूस कोपरा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते, यावरून काय ते समजावं. तिच्या भावाने निरोप धाडलाय की गॅमेलिऑन हा लग्नांचा महिना, तोवर काय ते ठरव, नाहीतर भट्टी मोड आणि गावी चल. बिचारी माझ्या बोलण्याची वाट पाहत असणार.
म्हणून आज मुद्दाम पाव शुद्ध ॲटिकमध्ये मागितला. हे पिष्टकर्मकुशले, यवान्नाचे वर्तुळद्वय मजप्रत अर्पण करावे.
तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे. भारावली असणार. मग तिने तिथे उभ्या दामिप्पोसला हळूच विचारलं की मास्तरांच्या, म्हणजे माझ्या, घरचं कुणी वारलं का. तो म्हणाला, असंल बा, अनवाणी बी हायत.
हा दामिप्पोस लोकर रंगवतो. कोपरापर्यंत हात निळे. लॅकोनियातल्या कुठल्याशा खेड्यातून आलाय आणि अजून तिकडची डोरिक बोलतो, आ वासून. इतकी वर्षं अथेन्समध्ये राहून माणसाला गावाकडची बोली सोडवत नाही याची गंमत वाटते. मी मूळचा समुद्रापलीकडच्या फ्रिजियातला आहे हे इथे एकालाही कळलेलं नाही. नावही मी बदलून घेतलं. कॅलिफॉन, म्हणजे सुस्वर.

पोसिडिऑन ७
घसा बसला. पाय सुजले. निश्चय कायम.

पोसिडिऑन ९
ताप. निकारेतीने वैद्य मेनेक्रातेसला बोलावलं. तो पक्का अथेन्सचा, पण औषध लिहितो आयोनियन बोलीत, कारण वैद्यकाचे थोर ग्रंथ त्या बोलीत आहेत. फार आदर वाटला. औषधवाल्याला ते वाचता येईना, म्हणून त्याने अंदाजाने काहीतरी दिलं. दिवसभर जुलाब.
पण पडल्या पडल्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक कामाची बोली वेगळी. रोग आयोनियनमध्ये. देवळातलं समूहगान डोरिकमध्ये, हे डोरिकचं नशीब. कोर्टकचेरी ॲटिकमध्ये. आणि प्रेम? प्रेम लेस्बॉस बेटाच्या बोलीत. प्रेमाच्या जुन्या थोर कविता त्याच बोलीत आहेत. मी तिच्याशी वकिलासारखा बोललो, मग ती कशी विरघळणार.
निश्चय: गॅमेलिऑन लागताच लेस्बॉसच्या बोलीत मागणी घालायची.

पोसिडिऑन १३
सराव सुरू. लेस्बॉसवाले शब्दाच्या पुढच्या टोकावर जोर देतात आणि हकार गिळून टाकतात. नाक चोंदल्यामुळे हकार आपोआप गेला. आजारपणाचाही असा उपयोग होतो.
निकारेती मसुराची आमटी घेऊन वर आली. तिला दोन ओळी ऐकवल्या. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि खाली जाऊन पुन्हा वैद्याला निरोप धाडला. वैद्याचं सोडा. हात ठेवला. कपाळावर.

पोसिडिऑन १६
आज ती आमटी घेऊन आली नाही. दामिप्पोस आला. म्हणाला, मास्तर, ती कामात हाय, म्या आनली. त्याच्याबरोबर अर्धा तास काढला. चांगला माणूस आहे, पण बोलणं अगदीच सरळसोट. मनात येईल ते बोलून मोकळा होतो. त्याला म्हटलं, बाबा रे, अशाने तुझं या शहरात कसं होणार. तो निळे हात मांडीवर ठेवून हसत राहिला.

पोसिडिऑन २१

आज निकारेतीने आपणहून विचारलं, मास्तर, लग्नातलं गाणं कराल का, तुम्ही तापात म्हणत होतात तसलं? गॅमेलिऑनमध्ये लागेल.
कुणाचं लग्न, हे काय विचारायचं. इतका सूचक प्रश्न मी कुठल्या ग्रंथातही वाचला नाही. ती लाजली. दामिप्पोस तिथेच उभा होता, तोही लाजला. खेडवळ माणसांना असलं ऐकायची सवय नसते.

पोसिडिऑन २५
गाणं रंगात आलंय. वर उंच, विद्वान, मंजुळ बोलणारा. विनयामुळे नाव घातलं नाही. निकारेतीला अर्थ सांगितला. ती म्हणाली, विद्वान काढा, आणि वराचे हात निळे आहेत असं येऊ द्या.
क्षणभर बुचकळ्यात पडलो. मग कळलं. निळे हात म्हणजे समुद्र. समुद्राचा देव पोसिडॉन, आणि त्याच्याच नावाचा हा पोसिडिऑन, म्हणजे ज्या महिन्यात आमचं जुळलं तो महिना. पाव भाजणाऱ्या बाईला एवढी कल्पना सुचावी, यात माझ्या सहवासाचा भाग आहेच. ओळ घातली.

गॅमेलिऑन २
उद्या मागणी. आंघोळ, तेल, डोक्यावर फुलांची माळ. लेस्बॉसच्या बोलीतलं भाषण पाठ आहे. सुरुवातीला प्रेमदेवीची प्रार्थना, मग चंद्र, मग बागेचं वर्णन, मग मुद्दा.
रोजनिशी अजून कोइनीतच चालली आहे. लग्नानंतर सवडीने शुद्ध करून घेईन.

गॅमेलिऑन ३
माळ घालून खाली गेलो. दामिप्पोसच्या डोक्यावरही माळ होती. निकारेतीचा भाऊ गावाहून आला होता आणि दामिप्पोसला मेहुणे म्हणत होता. मला म्हणाला, या या, गाणं तुम्हीच केलंत ना, फ्रिजियाचे मास्तर?
देवीची प्रार्थना सुरू केली होती. ती तिथेच थांबली. मी साध्या कोइनीत विचारलं की कधी ठरलं.
निकारेती म्हणाली, अहो, तुम्ही तापात होतात तेव्हाच. हा भट्टीपाशी आला आणि म्हणाला, निकारेती, तू मला आवडतीस, येतीस का माझ्या घरी? मी म्हटलं, येते.
मग ती माझ्यासाठी पाव कापू लागली. खरपूस कोपरा काढला आणि म्हणाली, खरं सांगू मास्तर, मला वाटायचं तुम्ही बोलाल. किती दिवस वाट बघितली. मग तुम्ही बोलायला लागलात आणि मला काहीच कळेना.
पाव घेतला. वर आलो.

गॅमेलिऑन ९, रात्री
लग्न लागलं. गाणं म्हटलं. आवाज चांगला लागला. एका माणसाला एक ओळ कळली असेल तर शपथ. निळ्या हातांची ओळ मात्र निकारेतीने आधीच सगळ्यांना समजावून ठेवली होती. तिथे लोक हसून हसून लोळले आणि दामिप्पोसने दोन्ही हात वर करून दाखवले. मग त्याने मला मिठी मारली. अंगरख्याला रंग लागला नाही. त्याच्या हातांचा रंग पक्का आहे.
वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. हे लेस्बॉसच्या बोलीत कसं म्हणतात ते मला पाठ आहे, पण आत्ता नको.
आल्यावर एक वाक्य लिहून बघितलं. निकारेती, तू मला आवडतेस. अगदीच बाजारी दिसलं. दामिप्पोसचंच वाक्य, तोंड जरा मिटून. तरी सवयीने एकेक शब्द जुन्या ग्रंथांत शोधायला बसलो.
नाव सोडून तीन शब्द. तिन्ही सापडले. पाचशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये हे असंच म्हणत.
उद्यापासून चपला घालीन.